किल्ली कोणाकडे असते? परदेशातली मुलं, इथले आई-वडील आणि दोन पुस्तकं

लिटरेचर रिव्ह्यूवरच्या मागच्या पोस्टनंतर बऱ्याच जणांनी एकच अडचण सांगितली. पेपरचा सारांश लिहिता येतो, पण गाईड ‘क्रिटिकली लिही’ म्हणतात तेव्हा नक्की काय करायचं तेच कळत नाही. पेटच्या मुलाखतीतही हाच प्रश्न येतो: ‘या अभ्यासात तुम्हाला काय कमी वाटलं?’ आणि आपण ‘सॅम्पल साइझ लहान होता’ असं म्हणून मोकळे होतो. मीही तेच म्हणून आत आले आहे, त्यामुळे हसत नाहीये.

आज नियम सांगत बसत नाही. माझ्या विषयातली दोन पुस्तकं घेते आणि मला ती कुठे पटली, कुठे अडली ते लिहिते. विषय आहे परदेशात स्थायिक झालेली मुलं आणि इथे म्हातारे होणारे आई-वडील. मी स्टॅटिस्टिक्सची एमएस्सी, पीएचडी वृद्धांच्या आरोग्य-सर्वेक्षणांच्या डेटावर. ही दोन्ही पुस्तकं मानववंशशास्त्राची आहेत, म्हणजे माझ्या गल्लीतली नाहीत. गाईडने वाचायला लावली, त्याला कारण माझ्या सिनॉप्सिसमधली एक ओळ. त्यात एक व्हेरिएबल होतं: ‘किमान एक मूल परदेशात’, होय असेल तर १, नाही तर ०. सरांनी समासात पेन्सिलीने लिहिलं, ‘हा १ घरात कसा दिसतो?’

तो आमच्या समोरच्या दारात दिसतो.

आमची इमारत खोपटमध्ये, एसटी डेपोपासून चालत सात-आठ मिनिटांवर. चार मजले, लिफ्ट नाही. समोरच्या ब्लॉकमध्ये काकू राहतात, वय ७६. काका २०२१ मध्ये गेले. एकुलता एक मुलगा, आमचा दादा, न्यू जर्सीत. माझ्या कोडिंगनुसार काकू म्हणजे ‘एकट्या राहतात = १, मूल परदेशात = १’. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात रात्री पावणेतीनला त्या बाथरूममध्ये पडल्या. मोबाइल पलंगावर. त्यांनी हाताला लागलेला तांब्या बादलीवर आपटायला सुरुवात केली. तो आवाज डक्टमधून आमच्याकडे आला आणि आईला जाग आली. त्यांच्या घराची एक किल्ली आमच्या खुंटीला असते, म्हणून दार फोडावं लागलं नाही. त्यांना खुर्चीत बसवून चार मजले खाली आणलं ते बाबा, मी, तिसऱ्या मजल्यावरचा एक मुलगा आणि वॉचमन यांनी. एका खासगी हॉस्पिटलच्या काउंटरवर विचारलं, ‘नातेवाईक कोण?’ बाबा म्हणाले, ‘शेजारी.’ लिहिणाऱ्याचं पेन तिथेच थांबलं. न्यू जर्सीत तेव्हा आदल्या दिवशीचे संध्याकाळचे सव्वापाच वाजले होते. दादा मीटिंग सोडून व्हिडिओवर आला, डॉक्टरांशी बोलला, डिपॉझिटचे पैसे दहा मिनिटांत आले. फॉर्मवर सही मात्र बाबांनी केली, आणि ‘नातं’ या रकान्यात शेवटी ‘भाऊ’ असं लिहिलं गेलं.

आवाज ऐकणं, दार उघडणं, उचलून नेणं, सही करणं. त्या रात्री केअर म्हणून जे काही झालं त्यातल्या या चार गोष्टी माझ्या डेटासेटमध्ये कुठेच नाहीत. हे डोक्यात ठेवून मी पुस्तकं उघडली. तुम्हीही वाचताना असा एक प्रसंग जवळ ठेवा, स्वतः पाहिलेला. पुस्तक तो प्रसंग झेलतं का, एवढं बघितलं तरी अर्धं क्रिटिकल वाचन होतं.

पुस्तकांआधी आपल्या डोक्यात आधीच चाललेल्या नाटकाबद्दल थोडं बोलते. मराठी माणसाशी हा विषय काढला की पाच मिनिटांत जयवंत दळवींचं ‘संध्याछाया’ निघतं. १९७० च्या दशकातलं नाटक. नाना-नानी, एक मुलगा अमेरिकेत, दुसरा सैन्यात, आणि रिकामं घर. माझ्या आईला अजून त्याचा प्रयोग बघवत नाही. नाटक म्हणून त्याची ताकद मी नाकारत नाही. पण पन्नास वर्षांत ते आपल्या डोक्यात गृहीतक होऊन बसलंय: मूल गेलं, म्हणून म्हातारे एकटे, म्हणून शोकांत. ज्येष्ठांच्या ग्रुपवर येणारे फॉरवर्ड याच साच्यातले. आणि वाईट म्हणजे सिनॉप्सिसही. ‘पाश्चात्त्यीकरणामुळे एकत्र कुटुंबपद्धती लयाला जात असून...’ असं पहिलं वाक्य मी किमान दहा सिनॉप्सिसमध्ये वाचलंय. लयाला जात आहे हे कशावरून? कधीच्या तुलनेत? त्या वाक्याखाली संदर्भ नसतो, कारण ते लिहिणाऱ्याला ते सिद्ध करावं लागेल असं वाटलेलंच नसतं.

सारा लँब यांचं ‘एजिंग अँड द इंडियन डायस्पोरा’ (२००९) नेमकं इथे कामाला येतं. लँब अमेरिकेतल्या ब्रँडाइस विद्यापीठात मानववंशशास्त्र शिकवतात, बंगाली बोलतात आणि आधी बंगालमधल्या एका खेड्यात राहून त्यांनी म्हातारपणावर एक पुस्तक लिहिलंय. या दुसऱ्या पुस्तकात त्या कोलकात्यातल्या वृद्धाश्रमांत आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांकडे जातात, आणि अमेरिकेत मुलांकडे गेलेल्या भारतीय म्हाताऱ्यांनाही भेटतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: मध्यमवर्गीय भारतीय वृद्ध हे तुटलेल्या कुटुंबाचे नुसते अवशेष नाहीत. कुटुंबाने करायच्या गोष्टी बाजारातून, संस्थेतून, स्वतःच्या पैशातून मिळवण्याचे नवे मार्ग ते काढतायत आणि त्यांना जुने अर्थही देतायत. पैसे देऊन मिळणाऱ्या देखभालीला ‘सेवा’ म्हणणारे लोक त्यात भेटतात, वृद्धाश्रमाकडे वानप्रस्थ म्हणून बघणारेही. आई-वडिलांनी लहानपणी केलेलं मुलांनी म्हातारपणी फेडायचं, हा लांबलेला व्यवहार परदेशामुळे मोडतो की नुसतं रूप बदलतो, हा त्यांचा खरा प्रश्न. उत्तर त्या एका शब्दात देत नाहीत. मला ते आवडलं.

अडलं ते दुसऱ्याच ठिकाणी. लँब यांना लोक भेटतात ते प्रामुख्याने निर्णय झाल्यानंतर. वृद्धाश्रमात पोचलेला माणूस आपल्या निर्णयाची गोष्ट सांगू शकतो, ती त्याने मनात नीट लावलेली असते. काकूंसारखी बाई निर्णय घेतच नाही. ती दर सहा महिन्यांनी तो पुढे ढकलते: आधी रिडेव्हलपमेंटचं ठरू दे, आधी मोतीबिंदू होऊ दे, आधी नातवाची परीक्षा. या ढकलण्याला कोणीतरी आधार द्यावा लागतो आणि तो आधार देणारे लोक वृद्धाश्रमात मुलाखती घेऊन सापडत नाहीत. एकट्या राहणाऱ्यांवर लँब लिहितात तिथेही मला ‘एकट्या’ या शब्दाभोवतीची माणसं अजून हवी होती. दुसरी गोष्ट काळाची. व्हॉट्सॲप २००९ मध्येच निघालं, भारतात घरोघर व्हिडिओ कॉल त्यानंतर खूप वर्षांनी आला. यासाठी पुस्तकाला दोष देता येत नाही, पण २००९ चं पुस्तक ‘सध्याची परिस्थिती’ म्हणून सायटेशनमध्ये टाकता येत नाही. हे सांगायचं कारण, टाकलेलं मी बघितलंय.

फोनचा भाग तान्या आहलिन यांच्या ‘कॉलिंग फॅमिली’ (२०२३) मध्ये आहे. केरळमधल्या नर्स परदेशी जातात, आई-वडील मागे राहतात. आहलिन यांनी केरळात आणि ओमानमध्ये राहून ही कुटुंबं बघितली. त्यांचा मुद्दा ऐकायला साधा वाटतो: नेमाने फोन करणं ही केअरबद्दलची बातचीत नाही, तीच केअर आहे. मूल, आई-बाप, मोबाइल, वेबकॅम, नेटवर्क हे सगळं मिळून काळजी घेणारा एक समूह बनतो, त्याला त्या ‘ट्रान्सनॅशनल केअर कलेक्टिव्ह’ म्हणतात.

हे वाचताना मला मराठीतलीच एक गोष्ट आठवली, जी इंग्रजी ‘केअर’ या शब्दात हरवते. आपण काळजी ‘करतो’ आणि काळजी ‘घेतो’. माझा आधीचा समज असा की न्यू जर्सीतून काळजी करता येते, घ्यायची ती खोपटमध्येच. आहलिन वाचल्यावर हा समज जरा हलला. दादा रोज आपल्या सकाळी साडेआठला कॉल करतो, त्याच्याकडे रात्रीचे अकरा. काकू गोळ्यांचा डबा कॅमेऱ्यासमोर धरतात, सोमवारचा कप्पा रिकामा आहे ना ते तो बघतो. चेहरा सुजलाय का, आवाज ओढल्यासारखा येतोय का, मागे ओट्यावर भांडी तशीच पडलीयेत का, तेही बघतो. हे काळजी घेणंच आहे. एकाच घरात राहणाऱ्या कितीतरी मुलांना आईच्या गोळ्यांचा रंग माहीत नसतो. (माझ्या भावाला विचारून बघा.)

पण तो फोन चार्ज कोण करतं? ॲप अपडेट झाल्यावर हिरवं बटण जागचं हललं, तेव्हा काकू घाबऱ्याघुबऱ्या कोणाकडे आल्या? नोव्हेंबरात हयातीचा दाखला आता चेहरा दाखवून मोबाइलवर देता येतो हे खरं, पण काकूंचा चेहरा त्या चौकटीत नीट येईपर्यंत ट्यूबलाइटखाली मोबाइल धरून मी उभी असते. फॅमिली पेन्शन त्यावर अवलंबून आहे. आहलिन यांच्या ‘समूह’ या कल्पनेत मला आणि आईला जागा आहे, नक्कीच आहे. म्हणूनच ती कल्पना मला लँब यांच्या मांडणीपेक्षा जास्त उपयोगी वाटते. पण पुस्तकाचा प्रकाश फोनच्या दोन टोकांवर जास्त पडतो. शिवाय त्यांच्या कुटुंबांत परदेशी गेलेली मुलगी स्वतः नर्स असते. तिला स्क्रीनवर आईच्या पायाची सूज जशी दिसेल तशी सॉफ्टवेअरमधल्या दादाला दिसणार नाही. म्हणजे फोन किती काम करतो हे फोन बघणाऱ्याच्या शिक्षणावरही ठरतं. केरळचा निष्कर्ष ठाण्याला लावताना ही पायरी गाळता येत नाही. सॅम्पल साइझपेक्षा अशा जागा शोधा, असं मला म्हणायचंय.

या क्षेत्राचा पाया घालणारं आणखी एक पुस्तक आहे, लोरेटा बाल्डासार, कोरा बाल्डॉक आणि रेलीन वाइल्डिंग यांचं ‘फॅमिलीज केअरिंग अक्रॉस बॉर्डर्स’ (२००७). ऑस्ट्रेलियात राहणारी मुलं आणि इटली, आयर्लंड, नेदरलँड्स, सिंगापूर वगैरे देशांतले आई-वडील. केअरचे पाच प्रकार त्या मांडतात: पैशांची, व्यवहाराची, अंगावरची, राहण्याची आणि मानसिक. ही विभागणी तुम्हाला पुढच्या शेकडो पेपरांत भेटेल, म्हणून नाव सांगून ठेवलं. नंतरच्या लेखनात ‘प्रॉक्सी’ आणि ‘डेलिगेशन’ असे शब्दही आले, म्हणजे मूल स्वतः करू शकत नाही ते दुसऱ्यावर सोपवतं. इथे मला चिमटा बसतो. आईला कोणी काही सोपवलं नव्हतं. ती तांब्याच्या आवाजाने उठली. ‘डेलिगेशन’ म्हटलं की सगळ्या गोष्टीचा कर्ता न्यू जर्सीत बसतो आणि आई त्याची प्रतिनिधी होते. एखादी संज्ञा कोणाच्या बाजूने बघून बनवलीय हे विचारायला मानववंशशास्त्राची पदवी लागत नाही.

आणि ज्या बाईवर खरोखर सोपवलं होतं तिच्याबद्दल तर आणखी कमी लिहिलं जातं. ऑपरेशननंतर तीन महिने काकूंकडे ब्युरोतून बाई यायच्या, बारा तासांची ड्यूटी, अंबरनाथहून लोकलने ठाण्याला. त्यांची स्वतःची आई मुरबाड तालुक्यातल्या गावात. तिच्याकडे कोण बघतं विचारलं तर म्हणाल्या, ‘वहिनी बघते. मी पैसे लावून देते.’ आर्ली हॉकशील्ड यांनी २००० साली ‘ग्लोबल केअर चेन’ची कल्पना मांडली: श्रीमंत देशातलं मूल सांभाळायला गरीब देशातली आई जाते, तिची मुलं दुसरी बाई सांभाळते, त्या बाईची मुलं तिची थोरली मुलगी. कडीला कडी, आणि प्रत्येक कडीला मोबदला कमी. खोपटच्या साखळीत देशाची सीमा ओलांडणारा एकटा दादा आहे, बाकी सगळ्या कड्या ठाणे जिल्ह्यातच आहेत. अंबरनाथच्या बाई मात्र दादासारख्याच दूरून काळजी घेणाऱ्या आहेत: पैसे पाठवतात, रात्री फोन करतात, सणाला जातात. पण ‘स्थलांतरित मूल’ या व्याख्येत सीमा हवी असल्यामुळे संशोधनाच्या दृष्टीने दादा स्थलांतरित आणि बाई ‘सेवा’. हा भेद मी स्वतःच माझ्या सिनॉप्सिसमध्ये केला होता, एका ओळीत, विचार न करता.

आता माझ्या गल्लीत येते. भारतात वृद्धांवरचा सर्वात मोठा डेटा म्हणजे लाँगिट्यूडिनल एजिंग स्टडी इन इंडिया, सगळे ‘लासी’ म्हणतात. पहिली फेरी २०१७-१८ मध्ये झाली, ४५ वर्षांवरचे ७२,००० हून जास्त लोक, काम देवनारच्या आयआयपीएसने हार्वर्ड आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठांसोबत केलं. डेटा अर्ज करून मिळतो, ज्यांना पीएचडी करायचीय त्यांनी प्रश्नावली तरी डाउनलोड करून वाचाच. त्यात कुटुंब आणि सामाजिक नात्यांचा स्वतंत्र भाग आहे, तो चांगला आहे. पण हे घरोघरचं सर्वेक्षण आहे, म्हणजे वृद्धाश्रमातले लोक त्यात येत नाहीत. लँब जिथे उभ्या आहेत तिथे लासी जात नाही. दोघांना एकत्र ठेवून ‘भारतीय वृद्ध’ असं एक चित्र काढायचं असेल तर मधली फट आधी मान्य करावी लागते.

दुसरी अडचण साध्या अंकगणिताची. उदाहरणासाठी मनातले आकडे घेऊ: हजार वृद्धांत तीस जणांची सगळी मुलं परदेशात. त्यात बायका पंधरा, त्यातल्या एकट्या राहणाऱ्या पाच. पाच जणींवर तुम्ही कसलं रिग्रेशन चालवणार? मग आपण गट मोठा करतो, ‘किमान एक मूल परदेशात’ असं करतो, आणि खालच्या मजल्यावर मुलगी राहते अशा आजी आणि काकू एकाच १ मध्ये जाऊन बसतात. माझ्या व्हेरिएबलमधला ‘किमान’ हा शब्द असा आला होता. विचारातून नाही, आकडा वाढावा म्हणून.

तिसरी अडचण मला सगळ्यात उशिरा दिसली आणि ती दाखवली माझ्या डोंबिवलीच्या मावसभावाने, न सांगता. तो आठ वर्षं टोरांटोला होता, मावशीला स्मृतिभ्रंश सुरू झाला तसा नोकरी सोडून परत आला. आज सर्वेक्षक मावशीच्या दारात गेला तर ‘मूल परदेशात’ यापुढे ० लिहील. आई आजारी म्हणून जो परतला तो ० मध्ये, आई ठणठणीत म्हणून जो परतला नाही तो १ मध्ये. मग तुलना केली की १ वाल्यांच्या तब्येती चांगल्या दिसतात, आणि आपण पेपर लिहितो की परदेशी मुलांच्या पैशांमुळे आरोग्य सुधारतं. सुधारतही असेल. पण या डेटावरून तसं म्हणता येत नाही, आणि उलटंही म्हणता येत नाही. एकदाच घेतलेल्या सर्वेक्षणात हा प्रवाह दिसतच नाही. म्हणून लासीच्या नावातला ‘लाँगिट्यूडिनल’ हा शब्द महत्त्वाचा, त्याच लोकांकडे पुन्हा जायला हवं.

‘मग तिकडेच का नाही जात त्या?’ हा प्रश्न सोसायटीत सगळे विचारतात. याची उत्तरं प्रेमाबिमापेक्षा नियमांत जास्त आहेत. एच-वन-बी वर असलेला मुलगा आई-वडिलांना ग्रीन कार्डसाठी स्पॉन्सर करू शकत नाही. ते करता येतं २१ वर्षांवरच्या अमेरिकन नागरिकाला. तोवर व्हिजिटर व्हिसा, एका खेपेला साधारण सहा महिने. ग्रीन कार्ड मिळालं तरी तिकडे कधी काम न केलेल्या वृद्धाला मेडिकेअरसाठी सलग पाच वर्षं राहावं लागतं. ब्रिटनने २०१२ मध्ये नियम इतके आवळले की रोजची अंगावरची देखभाल मायदेशात मिळूच शकत नाही हे दाखवावं लागतं. ब्युरो आहे, म्हणजे तुमची केस पडली. इकडे आपला २००७ चा पालक-पोषण कायदा भारताबाहेरच्या भारतीय नागरिकांनाही लागू आहे, पण तो निर्वाह म्हणजे अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार असं धरतो, आणि निर्वाह भत्त्याच्या रूपात मागायला लावतो. दादाने यातलं काहीच थकवलेलं नाही.

काका गेले ते एप्रिल २०२१ च्या शेवटच्या आठवड्यात, हार्टने. भारताची नियमित आंतरराष्ट्रीय विमानं २३ मार्च २०२० पासून बंद होती, ती थेट २७ मार्च २०२२ ला सुरू झाली. मधल्या काळात ठरावीक विशेष उड्डाणं होती. दादाचं व्हिसा स्टॅम्पिंग बाकी होतं, एकदा आला असता तर परत कधी जाता येईल याचा भरवसा नव्हता. जवाहरबागेत काकांच्या पुतण्याने सगळं केलं आणि माझ्या भावाने मोबाइल धरला. आहलिन म्हणतात तसा फोन त्या समूहाचा भाग होता, आणि भावाचा हात भरून आला तरी त्याने तो खाली केला नाही. यावर दादा आणि भाऊ आजपर्यंत एकमेकांशी बोललेले नाहीत.

माझा निष्कर्ष असा होता, आणि सिनॉप्सिसच्या सुधारित मसुद्यात मी तो लिहिलाही: एकक म्हणून ‘मूल आणि पालक’ ही जोडी पुरत नाही, प्रश्नावलीत तिसरा माणूस विचारायला हवा. ‘तुमच्या घराची किल्ली तुमच्याशिवाय कोणाकडे असते?’ असा एक साधा प्रश्न. त्यासोबत, ‘मागच्या वेळी हॉस्पिटलच्या फॉर्मवर सही कोणी केली?’ ‘मदत कोण करतं’ असं विचारलं की लोक मुलाचं नाव सांगतात, तो त्यांच्या मानाचा प्रश्न असतो. किल्लीचं उत्तर देताना मान आड येत नाही.

मसुदा लिहिताना मी काकूंना विचारलं की नाव न घालता तुमच्याबद्दल लिहू का. त्यांनी चष्मा लावून दोन पानं वाचली. त्या निवृत्त शिक्षिका, हातात पेन्सिल होतीच. ‘केअर रिसीव्हर म्हणजे मी का?’ असं विचारून त्यांनी त्या शब्दाखाली रेघ मारली. म्हणाल्या, ‘अगं, सुनेच्या बाळंतपणाला सहा महिने तिकडे कोण होतं? बाळाला न्हाऊ-माखू कोणी घातलं, डिंकाचे लाडू कोणी वळले? यांचे गुडघे गेलेले, तरी हेही आले होते. आणि तुझ्या आईचं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा तुम्हा दोघांचा डबा पंधरा दिवस कोणाकडून येत होता? ते कुठल्या रकान्यात लिहिलंस?’

नव्हतं लिहिलं. तिसरा माणूस घातला म्हणून मी खूश होते, पण बाण सगळे काकूंच्या दिशेनेच काढले होते. ‘संध्याछाया’वर एवढं बोलून मीही काकूंना त्याच खुर्चीत बसवलं होतं, फक्त शेजारी जास्त ठेवले होते. लँब यांच्या पुस्तकात तो देण्याघेण्याचा लांब व्यवहार आहे, बाल्डासार यांच्याकडे दोन्ही बाजूंनी जाणारी केअर आहे, मी ते वाचलंही होतं, हायलाइटसुद्धा केलं होतं. पण कोडिंग करताना ते आठवलं नाही.

आता प्रश्नावलीत किल्लीचा प्रश्न दोन वेळा येतो: तुमची किल्ली कोणाकडे, आणि तुमच्याकडे कोणाची. सर म्हणाले दुसऱ्यामुळे मुलाखत लांबेल, एथिक्स कमिटीला काय सांगायचं ते बघ. त्याच आठवड्यात मला दोन ठिकाणी पोस्टडॉकचे अर्ज भरायचे आहेत, एक युट्रेख्ट आणि एक टोरांटो. आमच्या घराच्या किल्ल्या सध्या चार आहेत, चारही घरातच असतात.